अंटार्क्टिकाची बॅग नाशिकमध्ये भरताना: क्रम, चाचण्या आणि नेहमीच्या चुका

मागच्या डिसेंबरात कॉलेज रोडवरच्या एका ओळखीच्या जोडप्याने घरी बोलावलं. "काही राहिलंय का, जरा नजर टाक." पलंगावर दोन अवाढव्य बॅगा. त्यात चार जाड स्वेटर, दोन शाली, लोकरीच्या कानटोप्या, आणि कंपनी जहाजावर देणारच होती तसलंच दुसरं नवंकोरं जॅकेट. वॉटरप्रूफ पँट एकही नाही. एका बॅगेचं वजन २७ किलो, आणि पुढच्या अंतर्गत विमानाच्या तिकिटावर मर्यादा १५ किलो. निघायला उरले होते चार दिवस.

मी अंटार्क्टिकाला जाऊन आल्यापासून नातेवाइकांच्या आणि ट्रेकच्या ग्रुपमधल्या लोकांच्या अशा बऱ्याच बॅगा उघडून पाहिल्या. चूक एकच असते: लोक थंडीसाठी बॅग भरतात. निफाडचा पारा पाच-सहावर आला की आपण शेकोट्या पेटवतो. जहाजं जातात त्या नोव्हेंबर ते मार्च या काळात अंटार्क्टिक द्वीपकल्पाच्या किनाऱ्यावर दिवसाचं तापमान शून्याच्या थोडं खाली-वर असतं. म्हणजे निफाडपेक्षा पाच-सात अंश कमी, इतकंच. त्रास देतो तो वारा, रबरी होडीत अंगावर उडणारं समुद्राचं पाणी, आणि घरून निघताना न तोललेलं वजन. आणखी एक गोष्ट आहे, ती कुणाच्याच यादीत नसते: गवताची कुसळं. त्यावर सहावा टप्पा आहे, तो गाळू नका.

खालचा क्रम मुद्दाम असा लावला आहे. खरेदी आधी आणि चौकशी नंतर केली की पैसे जातात. बॅग आधी भरली आणि सफाई नंतर केली की सगळी बॅग पुन्हा उपसावी लागते.

टप्पा १ : आधी कंपनीचा कागद, मग बाजार (निघण्याआधी तीन महिने)

पहिला प्रश्न कपड्यांचा नाही, जहाजाचा आहे. तुमच्या जहाजावर प्रवासी किती? ५०० हून अधिक प्रवासी असलेली जहाजं अंटार्क्टिकात कुणालाच किनाऱ्यावर उतरवत नाहीत. अशा जहाजाने जात असाल तर तुम्हाला डेकवर उभं राहण्यापुरते कपडे लागतील. गमबूट, वॉटरप्रूफ पँट, होडीसाठीची सॅक यातलं बहुतेक काही लागणार नाही, आणि या लेखाचा निम्मा भाग तुम्ही सोडून देऊ शकता. लहान मोहीम-जहाज असेल तर मात्र सगळं वाचा.

कंपनी यादी पाठवते. ती छापून घ्या आणि प्रत्येक वस्तूसमोर तीनपैकी एक खूण करा: कंपनी देणार, जहाजावर भाड्याने किंवा वापरायला मिळणार, आपण न्यायचं. पुष्कळ मोहीम-जहाजांवर जाड बाहेरचं जॅकेट, ज्याला सगळे पार्का म्हणतात, भेट म्हणून मिळतं आणि गमबूट वापरून परत करायचे असतात. वॉटरप्रूफ पँट मात्र बहुतेक वेळा स्वतःचीच लागते. "बहुतेक वेळा" या शब्दांवर विसंबू नका. ईमेलवर लेखी विचारा, एजंटच्या फोनवरच्या "हो हो, सगळं मिळतं मॅडम"वर मुळीच नाही. माझ्या वेळी असाच एकाचा फोन मी खरा मानला आणि पँट शेवटी उशुआयामध्ये, म्हणजे जहाज सुटतं त्या अर्जेंटिनाच्या दक्षिण टोकाच्या बंदरात, घ्यावी लागली. साधी पँट, पण किंमत अशी की अजून हिशेबाच्या वहीत ते पान मी उघडत नाही.

त्याच ईमेलमध्ये हेही विचारा: खोलीतला प्लग कोणत्या प्रकारचा, कपडे धुऊन मिळतात का, हेअर ड्रायर आहे का, चालायची काठी जहाजावर मिळते का.

मग मापाचा फॉर्म येतो. आपल्याकडच्या बुटांचे नंबर बहुतेक ब्रिटिश पद्धतीचे असतात. पुरुषांच्या बुटात अमेरिकी नंबर त्याहून साधारण एकने मोठा येतो, त्यामुळे नुसता "८" लिहिला की गोंधळ ठरलेला. संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, जाड मोजा घालून कागदावर उभे राहा, पावलाची लांबी सेंटिमीटरमध्ये मोजा आणि फॉर्मवर नंबरासोबत तीही लिहा. पार्क्यासाठी छातीचं माप फ्लीस, म्हणजे मऊ उबदार कृत्रिम कापडाचं जॅकेट, घालून घ्या, बनियनवर नको.

तपासा: यादीतल्या प्रत्येक वस्तूसमोर खूण झाली का? एकही ओळ रिकामी असेल तर अजून दुकानात जायचं नाही.

टप्पा २ : औषधं आणि दाखले (दोन महिने आधी)

इथे थोडक्यात, कारण हे काम तुमच्या डॉक्टरांचं आहे.

अर्जेंटिनासह दक्षिण अमेरिकेतल्या बऱ्याच देशांतून परतताना भारतात पिवळ्या तापाच्या लशीचा दाखला मागितला जातो. लस टोचल्यावर १० दिवसांनी दाखला लागू होतो, म्हणून हे काम शेवटच्या आठवड्यावर टाकू नका. लस ठरावीक केंद्रांवरच मिळते. आधी फोन करून वार आणि वेळ विचारा, नाहीतर कसाऱ्याचा घाट फुकट उतरून चढावा लागेल.

ड्रेक पॅसेज, म्हणजे दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिका यांच्यामधला समुद्र, ओलांडायला साधारण दोन दिवस लागतात, आणि समुद्र खवळलेला असला तर घाटातल्या एसटीत ज्यांना कधी मळमळलं नाही असे लोकही आडवे होतात. उलटीची गोळी पोटात ढवळायला लागल्यावर नाही, जहाज खुल्या समुद्रात शिरण्याआधी घ्यायची असते. कोणती गोळी आणि कधी, हे डॉक्टरांना विचारा. ब्लड प्रेशर, काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल तर तेही सांगा. काही गोळ्यांनी चांगलीच झोप येते, म्हणून एक गोळी घरी सुट्टीच्या दिवशी घेऊन पाहा.

रोजची औषधं मूळ पाकिटात ठेवा, चिठ्ठीसह, आणि लागणार असतील त्याहून दहा दिवसांची जास्त. वारांच्या कप्प्यांची प्लास्टिकची डबी सोयीची असते, पण त्यातल्या सुट्या गोळ्या कोणत्या, हे विमानतळावर कुणालाच सांगता येत नाही. इन्सुलिन चेक-इन बॅगेत अजिबात नको, ते गोठलं तर वाया जातं. होडीतून जाताना ग्लुकोमीटर आतल्या खिशात ठेवा, थंडीत तो आकडा दाखवायलाच नकार देतो.

आणि दात दाखवून घ्या. जहाजावर डॉक्टर असतो, दाताचा डॉक्टर नसतो.

स्वालबार्डला, म्हणजे उत्तरेच्या टोकाकडे जाणाऱ्यांसाठी एक ओळ: स्वालबार्ड शेंगेन क्षेत्राच्या, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाच्या, बाहेर आहे, त्यामुळे ओस्लोमार्गे जाऊन यायचं तर शेंगेन व्हिसा दोन प्रवेशांचा लागतो. कपड्यांचं गणित दोन्हीकडे जवळपास सारखंच.

टप्पा ३ : कपडे, थराने थर (सहा आठवडे आधी)

शून्य अंशाला ताशी ४० किलोमीटरचा वारा असेल तर उघड्या चेहऱ्याला उणे ७ असल्यासारखं लागतं. स्वेटर वारा अडवत नाही. एकावर एक चार स्वेटर घातले तरी वारा चारही भोकांतून आत येतो. म्हणून तीन वेगवेगळी कामं करणारे तीन थर घ्यायचे, आणि एकाचं काम दुसऱ्याला सांगायचं नाही.

आतला थर घाम शोषून बाहेर टाकतो. मेरिनो लोकर किंवा पॉलिस्टर. आपल्या बाजारात "थर्मल" म्हणून मिळणाऱ्या पुष्कळ कपड्यांत कॉटन असतं. दुकानदार काय म्हणतो यापेक्षा आतली पट्टी उलटून वाचा. कॉटन घामाने भिजलं की वाळत नाही, आणि अंगाला चिकटलेलं ओलं कापड वाऱ्यात जे करतं ते शेकोटीनेही निघत नाही. वर-खाली मिळून तीन जोड पुरतात.

मधला थर ऊब धरून ठेवतो. एक पातळ फ्लीस, एक जाड फ्लीस किंवा पिसांचं हलकं जॅकेट. पायांना आतल्या थरावर एक फ्लीसची किंवा ट्रेकची पँट. जीन्स नाही, लेगिंगवर जीन्स तर नाहीच नाही.

बाहेरचा थर वारा आणि पाणी अडवतो. पार्का कंपनीचा असेल तर प्रश्न उरतो पँटचा, आणि सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. "वॉटर रेझिस्टंट" लिहिलेली पँट पावसाच्या शिडकाव्यापुरती असते. होडीच्या कडेवर बसल्यावर मांडीवर थेट समुद्र येतो. "वॉटरप्रूफ" लिहिलेली, आणि शक्य असेल तर शिवणींवर आतून पट्टी चिकटवलेली पँट घ्या. पायांजवळ बाजूने चेन उघडणारी घेतली तर बूट घालूनही चढवता येते. ही पँट बुटांच्या आत खोचायची नसते, बुटांवरून खाली सोडायची असते, म्हणून तळाचा घेर गमबुटावरून जाईल इतका हवा. खोचली तर पँटवरून ओघळणारं पाणी सरळ बुटात साचतं.

स्कूटरसाठीची रेनकोटची पँट चालेल का, हा प्रश्न हमखास येतो. होडीत बसण्यापुरती ती पाणी अडवेल. पण तीतून हवा जात नाही, त्यामुळे चढावर घामाने आतून भिजाल. गारठ्यात प्लास्टिक ताठ होतं आणि होडीतून उतरताना पाय टाकला की जांघेत फाटतं. मी नेणार नाही.

खांद्यावरून पट्टे येणारी, छातीपर्यंतची पँट उबदार असते. पण बायकांना बाथरूममध्ये आधी पार्का, मग पट्टे, मग बाकीचं असा खटाटोप करावा लागतो. कमरेवर लवचीक पट्टा असलेली साधी पँट बरी.

खरेदीचं म्हणाल तर ट्रेकिंगचं सामान ठेवणारी दुकानं आणि डिकॅथलॉन यांत आतला आणि बाहेरचा थर मिळून जातो. शरणपूर रोडवरच्या तिबेटी विक्रेत्यांकडे फ्लीस, टोप्या, गळाबंद छान मिळतात, पण तिथली वॉटरप्रूफ म्हणून दिलेली पँट टप्पा ५ मधली चाचणी झाल्याशिवाय मान्य करू नका.

जहाजाच्या आत घरासारखी ऊब असते. तिथे रोजचे कपडे चालतात, सलवार-कमीज, टीशर्ट, काहीही. तीन जोड. आईने विणलेला स्वेटर जेवणाच्या हॉलमध्ये घाला, तो तिथेच शोभतो. जाताना-येताना ब्युनोस आयर्सला जानेवारीत कडक उन्हाळा असतो, म्हणून एक सुती जोड वर राहू द्या.

सावध: प्रत्येक थर एकेक माप मोठा घेत गेलात तर वरचा पार्का बसत नाही. मधल्या थरावर हात वर-खाली करून पाहा, काखेत ओढ नको.

टप्पा ४ : हात, पाय, डोकं, डोळे

हाताला दोन जोड्या एकावर एक. आत पातळ मोजे, ज्यांनी कॅमेऱ्याचं बटण दाबता येईल. बाहेर वॉटरप्रूफ जाड मोजे. लोकरीचे विणलेले हातमोजे होडीत पाच मिनिटांत भिजतात. दोन्ही प्रकारांचा एकेक जोड जास्त घ्या, कारण हातमोजा हरवायची हमी असते. बाहेरच्या मोज्यांना मनगटाचा दोर नसेल तर घरी शिवून घ्या.

पायांना लोकरीचे जाड मोजे चार जोड, आतून पातळ तीन. तीन-तीन मोजे एकात एक कोंबू नका. पाय आवळला की रक्त नीट फिरत नाही आणि बोटं जास्तच गारठतात.

कान झाकणारी टोपी दोन, गळ्यात ओढून नाकापर्यंत घेता येणारा कापडी बफ दोन. मफलर नको, त्याचं टोक कुठेतरी अडकतं.

गॉगल विसरू नका. बर्फावरून उलटं येणारं ऊन खालून डोळ्यांत घुसतं, टोपीची कड तिथे कामाची नाही. अतिनील किरण अडवणारा, बाजूंनीही झाकणारा गॉगल घ्या. चष्मा असेल तर नंबराचा, किंवा चष्म्यावरून बसणारा. ५० एसपीएफचं क्रीम, आणि ओठांना त्याच प्रकारचा बाम. हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या खालच्या बाजूलाही क्रीम लावायचं असतं. तिथे भाजलेली माणसं परत आल्यावर लगेच ओळखू येतात. डिसेंबरात रात्र जवळजवळ होतच नाही, म्हणून झोपताना डोळ्यांवर बांधायची पट्टीही टाका.

टप्पा ५ : घरची चाचणी (चार आठवडे आधी)

हा टप्पा जवळपास सगळे वगळतात. बदली घ्यायला वेळ आहे तोवर, पावत्या आणि पट्ट्या जपून ठेवून, या चार चाचण्या करा.

शॉवर चाचणी. वॉटरप्रूफ पँटच्या आत फिक्या रंगाची सुती पँट घाला, बाथरूममध्ये स्टुलावर बसा आणि मांड्यांवर पाच मिनिटं शॉवर सोडा. बसूनच, कारण बसल्यावर बुडाच्या आणि जांघेच्या शिवणींवर ताण येतो आणि पाणी शिरतं तिथूनच. आतली पँट ओली झाली तर दुकानात परत.

स्कूटर चाचणी. डिसेंबरातल्या पहाटे सगळे थर घालून गंगापूर धरणाच्या रस्त्याला मागच्या सीटवर बसून अर्धा तास फेरी मारा. वारा कुठून आत येतो ते लगेच कळतं: मनगट, मान, कंबर. ऑक्टोबरात दुपारी ही चाचणी करून काही कळणार नाही, फक्त घाम येईल.

हातमोजा चाचणी. दोन्ही मोजे घालून जॅकेटची चेन लावा, सॅकचं बक्कल उघडा, आतल्या खिशातून कार्ड काढा. चेनच्या टोकाला दोरीचा छोटा तुकडा बांधला की पकड येते.

पाट चाचणी. सगळे थर आणि सॅक घालून पाटावर बसा आणि हाताचा आधार न घेता उठा. होडीतून उतरताना साधारण हेच करायचं असतं. उठता येत नसेल तर महिनाभर रोज गोदाकाठच्या पायऱ्या चढा-उतरा. गुडघ्यांना हे सामान तयार नसेल तर बाकीच्या सामानाचा फारसा उपयोग नाही.

टप्पा ६ : कुसळं (दोन आठवडे आधी)

अंटार्क्टिकात फुलं येणाऱ्या देशी वनस्पती फक्त दोन आहेत: एक गवत आणि एक उशीसारखं पसरणारं छोटं रोप. माणसांसोबत गेलेलं वार्षिक पोआ नावाचं परकं गवत किंग जॉर्ज बेटावर रुजलं आहे. आता तुमचे ट्रेकचे बूट आठवा. अंजनेरीला, ब्रह्मगिरीला, हरिहरला दिवाळीनंतर गेलं की मोज्यांतून कुसळं वेचायला अर्धा तास लागतो. तीच कुसळं वेल्क्रोत, खिशांच्या शिवणीत, सॅकच्या तळाशी असतात, आणि त्यांतल्या बियांना थंडीची फारशी पर्वा नसते.

म्हणून किनाऱ्यावर उतरण्याआधी जहाजावर सगळ्यांच्या बाहेरच्या वस्तू व्हॅक्युमने साफ करून तपासतात. साऊथ जॉर्जिया बेट तुमच्या मार्गावर असेल तर तपासणी आणखी कडक असते. तिथे उंदीर संपवायलाच कित्येक वर्षं गेली आणि २०१८मध्ये बेट उंदीरमुक्त जाहीर झालं. आमच्या जहाजावर एका सद्गृहस्थांची सॅक तीनदा परत केली गेली, रांग मागे थांबलेली.

घरी असं करा:

१. जमिनीवर पांढरी चादर अंथरा. त्यावर सॅक, कॅमेऱ्याची बॅग, पँट, टोप्या, मोजे, काठी असं किनाऱ्यावर नेणार असलेलं सगळं ठेवा.
२. प्रत्येक खिसा उलटा करा. जुन्या बडीशेपेचे, ओव्याचे, तिळाचे दाणे सापडतील. ते बीच आहे. पर्सही रिकामी करा, ओव्याची डबी बाहेर.
३. व्हॅक्युमचं चपटं नळकं शिवणींवरून फिरवा, मग वेल्क्रो जुन्या टूथब्रशने घासा. उरलेलं चिमट्याने.
४. स्वतःचे बूट नेत असाल तर तळातल्या खाचांमधली माती काडीने काढा, साबणाने धुवा, दोन दिवस पूर्ण वाळवा. सह्याद्रीची माती कितीही पवित्र असली तरी तिथे ती कचराच.
५. चादर उचलून उजेडात झटका. काय पडतं ते बघितलं की हे सगळं का करतोय ते कळतं.
६. साफ झालेलं लगेच मोठ्या झिप पिशव्यांत बंद.

सावध: पिशव्या बंद केल्यानंतर "शेवटचा सराव" म्हणून त्याच सॅकने पांडवलेण्याला जाऊ नका. सराव टप्पा ५ मध्येच झाला पाहिजे.

सॅकबद्दल आणखी एक. बर्ड फ्लूचा घातक विषाणू फेब्रुवारी २०२४मध्ये अंटार्क्टिकाच्या मुख्य भूमीवर सापडला. त्यामुळे प्राण्यांचा वावर असलेल्या जागी बसायचं, गुडघे टेकायचे किंवा सामान खाली ठेवायचं नाही, असे नियम आहेत. म्हणजे सॅक सबंध वेळ पाठीवर. खाली ठेवून तळापर्यंत हात घालावा लागणारी सॅक कामाची नाही. एका खांद्यावरून पुढे ओढून बाजूने उघडता येईल अशी हवी. २० लिटर पुष्कळ झाली. एका खांद्यावरची झोळी किंवा पर्स चालत नाही, कारण होडीत चढताना दोन्ही हात मोकळे लागतात.

टप्पा ७ : खाऊ

किनाऱ्यावर खायला काहीही नेता येत नाही, एक शेंगदाणासुद्धा नाही. त्यामुळे खाऊ फक्त प्रवासापुरता आणि जहाजावरच्या खोलीपुरता.

कारखान्यात बंद केलेल्या, लेबल असलेल्या पाकिटातला चिवडा, भाजणीची चकली, खाकरा न्या. ताजी फळं, कच्ची डाळ, कुठलंही बी, घरचे दुधाचे पदार्थ अर्जेंटिना आणि चिलीच्या तपासणीत अडकतात. द्राक्षांचा हंगाम असला तरी घोस घरीच ठेवा. सुक्या खोबऱ्याची वाटी तर मुंबईच्याच विमानतळावर काढून घेतली जाईल. इलेक्ट्रिक केटल आणि इस्त्री आगीच्या भीतीने जहाजावर चालत नाहीत. चहाची पुडी मात्र जरूर न्या. गरम पाणी तिथे मिळतं, आपल्यासारखा चहा नाही.

टप्पा ८ : कॅमेरा आणि बॅटऱ्या

गारठ्यात बॅटरी भराभर उतरते. एकाऐवजी तीन बॅटऱ्या, आणि वापरात नसलेल्या दोन छातीजवळच्या आतल्या खिशात. फोनही तिथेच.

सुट्या बॅटऱ्या आणि पॉवरबँक चेक-इन बॅगेत टाकता येत नाहीत, त्या केबिन बॅगेतच. पॉवरबँकची मर्यादा एअरलाइनच्या परवानगीशिवाय १०० वॉट-तास आहे. २०,००० एमएएचची पॉवरबँक साधारण ७४ वॉट-तासांची असते, म्हणजे चालते. आकडे पुसले गेले असतील तर ती घरीच ठेवा, सुरक्षा तपासणीत वाद घालून उपयोग नाही.

बाहेरून उबदार खोलीत आलात की कॅमेऱ्यावर दव धरतं, आत लेन्सवरसुद्धा. खोलीत शिरण्याआधीच कॅमेरा झिप पिशवीत बंद करा आणि तासभर उघडू नका. फोटो बघायची घाई असेल तर कार्ड बाहेरच काढून घ्या.

ड्रोन नेऊ नका. सहलीच्या प्रवाशांना तिथे उडवू देत नाहीत, आणि वाटेतल्या विमानतळांवर त्याचा ताप वेगळाच.

टप्पा ९ : बॅगांची वाटणी आणि वजन (एक आठवडा आधी)

सगळ्या तिकिटांवरची मर्यादा वहीत लिहा, आणि सगळ्यात कमी आकडा खरा धरा. मुंबईहून निघणाऱ्या विमानात २३ किलोच्या दोन बॅगा चालत असतील, पण ब्युनोस आयर्स ते उशुआया या अंतर्गत विमानाला मर्यादा १५ किलोही असू शकते. विमानतळ बदलतो का तेही बघा. आंतरराष्ट्रीय विमानं बहुधा एझेझाला उतरतात, उशुआयाची बरीच विमानं शहरातल्या एरोपार्केहून सुटतात, आणि मध्ये सगळं सामान घेऊन टॅक्सी करावी लागते.

आता मुद्द्याची गोष्ट. चेक-इन बॅग हरवली किंवा उशिरा आली तरी जहाज थांबत नाही, आणि समुद्रात बॅग पोहोचवायला कुणी येत नाही. म्हणून केबिन बॅगेत एका दिवसाचा किनाऱ्यावर उतरण्याचा पूर्ण संच हवा: आतला थर एक जोड, फ्लीस, वॉटरप्रूफ पँट, दोन्ही हातमोजे, टोपी, बफ, गॉगल, मोजे दोन जोड, सगळी औषधं, चष्मा, कागद, बॅटऱ्या. हे सगळं ७ किलोंत बसवायचं कसरतीचं काम आहे, पण बसतं. बसत नसेल तर कॅमेऱ्याची एक लेन्स कमी करा, पँट नाही.

नवरा-बायको जात असाल तर दोघांचे कपडे दोन्ही बॅगांत निम्मे-निम्मे वाटा. "ही तुझी, ही माझी" केलं की एकाची बॅग हरवते आणि दुसरा डोकावून पाहत बसतो.

ताणकाट्याने तीनदा वजन करा: पहिल्यांदा भरून झाल्यावर, दुसऱ्यांदा निम्मे स्वेटर काढल्यावर, तिसऱ्यांदा निघायच्या सकाळी. तिसऱ्या वेळी दीड किलो वाढलेलं असतं, कारण रात्री कुणीतरी चिवड्याची पाकिटं कोंबलेली असतात.

तपासा: चेक-इन बॅग बाजूला ठेवा आणि फक्त केबिन बॅग व सॅकमधून किनाऱ्यावर उतरायला तयार होऊन दाखवा. काही कमी पडलं तर वाटणी चुकली आहे.

टप्पा १० : जहाजावर कपडे घालायचा क्रम

एका वेळी किनाऱ्यावर जास्तीत जास्त १०० जण उतरू शकतात, त्यामुळे गट पाडून आळीपाळीने बोलावतात. पहिल्या दिवशी सगळे घोषणा झाल्याझाल्या पूर्ण तयार होतात, गरम मार्गिकेत वीस मिनिटं थांबतात, घामाघूम होतात, आणि तोच घाम होडीत गार होतो. तुमच्या गटाचं नाव येईपर्यंत पार्का अंगावर घालू नका.

आधी बाथरूम. किनाऱ्यावर ती सोय नाही आणि उघड्यावर परवानगी नाही. मग आतला थर, मोजे, मधला थर, वॉटरप्रूफ पँट. क्रीम, गॉगल, बफ, टोपी. खिसे रिकामे, विशेषतः गोळ्या-चॉकलेटचे. हातात पातळ मोजे. बूट घाला आणि पँट त्यांवरून खाली सोडा. पार्का, त्यावर लाइफ जॅकेट. जहाजाबाहेर जाता-येता नोंदवायचं कार्ड बाहेरच्या खिशात, कारण जाड मोजे चढवल्यावर ते आतून निघत नाही. जाड मोजे सगळ्यांत शेवटी.

परत आल्यावर बूट ब्रशने घासून जंतुनाशकात बुडवायचे. घाई करू नका, तळाच्या खाचांत पेंग्विनची शी अडकलेली असते आणि तिचा वास अख्ख्या मजल्याला कळतो. दगड, पीस, हाड यातलं काहीही उचलून आणायचं नाही.

परतीचं पॅकिंगही जातानाच ठरवून ठेवा. घाण कपड्यांसाठी दोन जाड पिशव्या, आणि कंपनीने दिलेल्या पार्क्यासाठी बॅगेत दोनेक किलोंची जागा रिकामी. मी ती ठेवली नव्हती. पार्का अंगात घालून मी ब्युनोस आयर्सच्या भर उन्हाळ्यात विमानातून उतरले, आणि टॅक्सीवाल्याने काही न विचारता एसी वाढवला.